अंगण झाकू नकोस

अगं, पंचमीला येऊन गेलीस तेव्हा जाता जाता म्हणालीस, "अक्का, दिवाळी झाली की घराच्या चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक टाकून घेणार आहोत. चिखल नको, तण नको, झाडलोट सोपी." जावई-पाहुणे शेजारीच उभे होते, म्हणून मी काही बोलले नाही. तुझी गाडी सास्तूरच्या रस्त्याला लागली आणि मला वाटलं, बोलायला हवं होतं. तेव्हा आज बोलते. शांतपणे ऐक, आणि मग पाहुण्यांशी बोल.

आपल्याला घराभोवती असं अंगण कसं मिळालं ते तुला आठवणार नाही. तू चार वर्षांची होतीस, मी तेरा. जुन्या किल्लारीत आपलं घर गल्लीत होतं. डावीकडची भिंत काकांची, उजवीकडची आपली, मध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, माळवदावर दरसाल माती टाकून टाकून झालेला जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. दारात एक तुळस, तिच्यापलीकडे हिरवं असं काही नव्हतं, कारण जागाच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते, तेव्हा त्याच भिंती आणि तेच माळवद माणसांवर आलं. सरकारी मोजणीत जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आपली आजी त्यात होती.

मग पत्र्याची शेडं, आणि त्यानंतर नवं गाव. भूमिहीन आणि थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, मधल्यांना ४००, मोठ्या खातेदारांना ७५०. घरं सुटी सुटी, रस्ते रुंद, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. सुरुवातीला बायकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. शेजारीण हाकेवर नाही, पाण्याला लांब जायचं, रात्री भकास वाटायचं. माय म्हणायची, एवढ्या उघड्या जागेचं करायचं तरी काय?

आता मी जे सांगते ते जरा नीट ऐक. जुन्या गावात परसबाग नव्हती, तरी आपल्या घरात भाजी कधी विकत आली नाही. ती शेतातून यायची. खरिपाच्या ज्वारीच्या कडेनं अंबाडी, मधे वाल, चवळी, बांधावर काशीफळ आणि वाळकाचे वेल. रब्बीत करडईचे पाटे, हरभऱ्याचे कोवळे शेंडे. खुरपायला गेलेली माय येताना ओटीत तांदूळजा, चिघळ, पाथरी घेऊन यायची. कुणी पेरलेली नव्हती ती, तणातच उगवायची. मग सोयाबीन आलं. सोयाबीननं पैसा दिला, ते मी नाकारत नाही, माझ्या पोरांची शिक्षणं त्यावरच झाली. पण सलग सोयाबीनमध्ये अंबाडीला जागा नाही, आणि त्यावर मारायच्या तणनाशकात सोयाबीनशिवाय रुंद पानाचं फारसं काही जगत नाही. तांदूळजा गेला, चिघळ गेली, वालही गेला. भाजी बाजारातून यायला लागली ती तेव्हापासून.

गेल्या येळवसेची, वेळ अमावास्येच्या शेतपूजेची, गोष्ट तुला सांगितली नाही मी. शेतात पाच पांडव मांडले, कोप केली, आंबील घुसळली, उंडे झाले. आणि भज्जीसाठीचा वाल, वांगी, मेथी, कांद्याची पात, सगळं मी पिशवीत बाजारातून विकत घेऊन शेतात गेले होते. काळ्या आईची पूजा करायची आणि तिच्यासमोर मांडायची भाजी विकतची! मला त्या दिवशी घास गिळवला नाही. म्हणून म्हणते, शेतातून जे गेलं ते परत आणायला आपल्याकडे एकच जागा उरली आहे, ती म्हणजे घराभोवतीची. तिच्यावर तू सिमेंट टाकू नकोस.

चिखलाचं म्हणशील, तर दारापासून फाटकापर्यंत तीन फुटांची फरशी घाल. तेवढी पुरते. बाकी माती राहू दे. पावसाचं पाणी मुरेल, आणि एप्रिल-मेमध्ये घर रात्रभर भट्टीसारखं तापणार नाही.

आता कामाचं बोलू. तुझ्या अंगणातली माती मी पाहिली आहे. खाली मुरूम, वर बांधकामाचे विटांचे तुकडे. त्यात काही येणार नाही असं तुला वाटतं, आणि तसंच्या तसं बी टाकलंस तर खरंच येणार नाही. कुदळीनं हातभर खोल खण, तुकडे वेचून काढ. तळाला उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट दाबून भर, त्यावर कुजलेलं शेणखत, त्यावर शेतातली काळी माती चार-सहा घमेली. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्हीकडून हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. लांबी दहा फूट. पहिल्या वर्षी असे दोनच वाफे. दोनच, बरं का. मी पहिल्या वर्षी आठ केले होते, आणि सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत एकाकडेही बघणं झालं नाही.

शेणखत कुजलेलं असू दे, हे मी दोनदा सांगते कारण मला त्याची किंमत मोजावी लागली. अंगणवाडीत नोकरी लागली त्या पावसाळ्यात मी गोठ्यातलं ताजं शेण टोपल्यानं वाफ्यात ओतलं. वांग्याची चाळीस रोपं लावली, छान तरारली, आणि पोळ्याच्या सुमारास एक एक करून माना टाकायला लागली. पाणी कमी पडलं म्हणून मी आणखी पाणी घातलं. शेवटी एक रोप उपटलं तर मूळच नाही. माती उकरली, तर बोटाएवढी पांढरी हुमणी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी होऊन पडलेली, तोंड तपकिरी. एका रोपाखाली तीन तीन. कच्च्या शेणात ती येते आणि वाढते. तेव्हापासून मी उकिरड्यातलं जुनं खत हातात घेऊन बघते. भुगा झालेला असेल, वास मातीचा येत असेल, तरच वाफ्यात.

भाद्रपद सरत आला आहे, म्हणजे तुला पहिली भाजी करायला हा सगळ्यात चांगला काळ आहे. उन्हं उतरली की लगेच मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर. मेथीचं बी आणायलासुद्धा जाऊ नकोस, डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पेर. धणे मात्र जमिनीवर पसरून चपलेनं हलके रगड, एका धण्याच्या दोन डाळी झाल्या पाहिजेत, मग भिजव. अख्खे टाकलेस तर उगवायला फार वेळ घेतात आणि तू निराश होशील. मेथी महिन्याच्या आत कापायला येते. पूर्ण वाफा एकाच दिवशी पेरू नकोस. आज एक तृतीयांश, दहा-बारा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. नाहीतर एकदम टोपलंभर मेथी येते, चार दिवस घर मेथी खाऊन कंटाळतं आणि पुढे महिनाभर काहीच नाही. पालक मुळासकट उपटायचा नाही, वरून कापायचा, तो पुन्हा फुटतो. वाफ्याच्या कडेनं लसणाच्या पाकळ्या टोच. पात कापून ठेच्यात घाल, खाली गड्डा भरत राहील.

दुसऱ्या वाफ्यात वांगी आणि टोमॅटो, प्रत्येकी सहा रोपं. पाच माणसांना पुरतात. वांगं आपलं काटेरीच लाव, भरताला आणि भज्जीला तेच लागतं. मधे मधे झेंडू लाव, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो आवरतो आणि तोरणालाही होतो.

मावा पडला की लगेच दुकानात औषध विचारायला पळू नकोस. भाजीवर जे मारशील ते दोन दिवसांनी ताटात येणार आहे. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून, वाळवून ठेव. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजत घाल, सकाळी फडक्यातून गाळ, त्यात साबणाचं थोडं पाणी घालून संध्याकाळी फवार. ऊन असताना फवारलंस तर गुण येत नाही. किडीहून मोठी भीती मात्र शेळ्यांची आहे. आपली नवी गावं मोकळी, कुणाचीही शेळी कुठेही फिरते. आधी बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण, मग बी. हा क्रम उलटा केलास तर सगळी मेहनत एका दुपारी संपेल.

पाण्याबद्दल तुझी काळजी मला कळते. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं अंगणात भाजी कर म्हणणं सोपं नाही. पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. ते दिवस मी विसरलेली नाही. पण हिशेब करून बघ. तुम्ही घरात पाच जण. अंघोळीला माणशी पंधरा लिटर धरलं तरी रोज ७५ लिटर पाणी न्हाणीतून गटारात जातं. मी सांगितला तेवढ्या एका वाफ्याला, वरून भुसकटाचं आच्छादन असेल तर, दिवसाला एक बादली पुरते. न्हाणीचं पाणी आधी एका खड्ड्यात घे. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. त्याच्या कडेला केळ, कर्दळ आणि अळू. तिथून निथळलेलं पाणी वांग्यांना, वेलांना, झाडांना दे. पालेभाजीवर साबणाचं पाणी नको. आणि कपड्यांच्या सोड्याचं पाणी फक्त केळीला.

उन्हाळ्यासाठी एक जुनी युक्ती आहे. पाझरणारं जुनं गाडगं गळ्यापर्यंत जमिनीत पूर, पाणी भरून वर झाकण ठेव. भोवती काशीफळ किंवा दोडक्याचं बी लाव. पाणी झिरपतं तेवढंच मुळं घेतात, वाया काही जात नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी सगळे वाफे सोडून दिले. फक्त कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि एक गाडगं ठेवलं. तेही करायचं असतं. पाणी नसेल तेव्हा वाफा कोरडा सोडावा आणि झाडं तेवढी जगवावीत, त्याचा कमीपणा मानू नये.

शेवग्याला दारात जागा देऊ नये असं म्हातारी माणसं म्हणतात. त्याचं लाकूड ठिसूळ, फांदी केव्हाही मोडते. म्हणून घरापासून लांबच्या कोपऱ्यात लाव, आणि कमरेएवढा झाला की शेंडा खुड, मग तो पसरतो आणि शेंगा हाताला येतात. पाला तर बारा महिने आहे. जिथं बाकी काही टिकत नाही तिथं हे झाड टिकतं. पपईला मात्र पाणी साचलेलं चालत नाही, तिला उंचवट्यावर लाव.

आता एक गोष्ट बहीण म्हणून सांगते, ही पाहुण्यांना वाचून दाखवू नकोस. तू घरात शेवटी जेवतेस. मी पाहिलं आहे. सगळ्यांची पानं झाली की कढईला लागलेली भाजी, आणि ती संपली असेल तर चटणी-भाकरी. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. अंगणवाडीत मी गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देते, त्यांच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघते, तेव्हा प्रत्येक वेळी तू आठवतेस. पालेभाजी अंगणात असली की ती मोजून येत नाही, पाव किलोची जुडी पाच जणांत वाटावी लागत नाही. आणखी दोन मुठी खुडायला पैसे लागत नाहीत. त्यावर लिंबू पीळ, लिंबानं पाल्यातलं लोह अंगी लागतं. आणि स्वतःसाठी आधी वाटीत काढून ठेव. हे मागून घ्यायचं नसतं, काढून ठेवायचं असतं.

हे मी एकटी सांगते असं समजू नकोस. भूकंपानंतर आपल्याच लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायका उभ्या राहिल्या. आधी घरबांधणीत लक्ष घातलं, पुढे शेतीत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे सगळं शेत मागितलं नाही. अर्धा-एक एकर मागितला आणि त्यात घरच्या खाण्याचं पिकवलं, भाजी, डाळी, धान्य. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. राज्याच्या 'उमेद' अभियानाच्या बचत गटांनीही 'माझी पोषण परसबाग' गावोगाव नेली. तुझ्या गटात विचार, बियाणं, माहिती, सोबत काहीतरी नक्की मिळेल. एकटीनं केलं तर पहिल्या शेळीला मन खचतं. चौघींनी केलं तर चौघींची कुंपणं होतात.

बियाण्याबद्दल बोलते आणि थांबते. माझ्या मनातलं खरं बोलणं हेच आहे. एका वर्षी मी रंगीत पाकिटातलं महागडं भेंडीचं बी घेतलं. पीक सुरेख आलं. त्यातलं बी धरलं, पुढल्या मृगात लावलं, तर एक झाड उंच, एक बुटकं, शेंगा वेड्यावाकड्या. ते संकरित होतं, त्याचं बी धरायचंच नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू भेंडी लावशील तेव्हा परभणी क्रांती माग. आपल्याच मराठवाडा कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण, १९८५ सालचं. पांढरी माशी जो पानं पिवळी करणारा रोग पसरवते, त्याला तोंड देता यावं म्हणून रानभेंडीच्या जातीशी संकर करून, निवड करत करत ते स्थिर केलं. म्हणून त्याचं बी घरी धरता येतं. चांगल्या झाडाच्या चार शेंगा झाडावरच वाळू दे, खुळखुळ वाजायला लागल्या की काढ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण असं गावठी बी त्यांनी घरात जपलं, वाटलं, आणि २०२० साली देशानं त्यांना पद्मश्री दिली.

आणि वाल. आपल्या घरचा, रुंद शेंगेचा, बियांच्या कडेला जांभळी रेघ असलेला. माय त्याचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची, गाडगं बळदाच्या कोनाड्यात. त्या पहाटे बळद, गाडगं, बी, सगळं मातीखाली गेलं. नव्या घरात राहायला आलो त्या वर्षी आत्या औशाहून भेटायला आली. पदराच्या गाठीतून तिनं मूठभर बी काढलं आणि मायच्या हातावर ठेवलं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला आजीनं तिला दिलेलं, तिनं दरसाल लावून चालू ठेवलेलं. मायनं ते हातात फिरवून पाहिलं, जांभळी रेघ पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली. घरात जपलेलं सगळं गेलं होतं, लेकीला दिलेलं तेवढं राहिलं. रिकाम्या अंगणात मायनं लावलेलं पहिलं बी ते. त्याच्या पुढच्या येळवसेला आपल्या भज्जीत आपला वाल होता. पुढं माय गेली आणि शेत, नोकरी, पोरं यांत तो मांडव माझ्याकडून मोडला. गेल्या मृगात मी आत्याच्या सुनेकडून बी मागून आणलं आणि पुन्हा लावला. आता त्याला फुलं आली आहेत.

त्यातलंच थोडं राखून ठेवलेलं बी दिवाळीला तुझ्याकडे घेऊन येते. निम्मं तू लाव, निम्मं तुझ्या जावेला दे. पुडीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: मृगात, न्हाणीच्या भिंतीला, एका आळ्यात तीन.